चार इंची भोक

नेहेतेबाई म्हणाल्या, भिंतीतूनच काढा, सोपं पडेल.
सोपं पडेलच. नऊ इंची वीट, वर गिलावा,
अर्ध्या तासाचं काम.
पण पलीकडे हात लांबवला की सरोदेंची खिडकी लागते,
खिडकीत लोणच्याची बरणी,
बरणीमागे त्यांचा पोरगा दहावीची गणितं सोडवतोय.
बाई, आपला धूर त्याच्या वहीत जाईल.
त्या हसल्या. गॅसला कुठं धूर असतो, तडवीभाऊ?

तेच तर.

धूर असता तर बरं झालं असतं.
थंडी फार पडली की आमच्या फैजपुरात
केळीच्या बागांमध्ये रात्रभर ओला पाला पेटवतात.
सातपुड्यावरून वारं उतरतं,
धूर घडांवर गोधडीसारखा पसरतो,
बांधावरची माणसं डोळे चोळतात, खोकतात, शिव्या देतात.
तो धूर सांगून येतो.
हा नाही सांगत.
दार लावलेलं, अंगावर साबण, पाणी मनासारखं गरम,
आणि माणसाला नुसती जांभई येते.

माझा बाप धाबी घालायचा.
माती पसरण्याआधी साणं सोडायचा, चुलीच्या बरोब्बर वर,
पावसाळ्यात त्यावर फुटकं मडकं पालथं.
म्हणायचा, घराला नाक आधी, दार मग.
मी जळगावला दुकानात गिझर बसवायला शिकलो.
तिथं नाकाचं कुणी काढलं नाही.

वहीत बेचाळीस नावं आहेत.
बेचाळीस जणांनी विचारलं,
पाइपाचे नऊशे कायले भो, वर झरोका आहे नं?
मी लिहायचो, पाइप नको.
पुढं त्यांची सही घ्यायचो.
सही झाली की मी सुटलो, असं वाटायचं.

मागच्या जानेवारीत
यावल रोडला फिरके सरांच्या घरचं दार पहारीनं तोडलं.
आत त्यांची सून, हेमांगी.
नळ चालूच होता.
वाचली ती. चालते, बोलते, स्वयंपाक करते,
फक्त मुलीला हाक मारायची म्हटलं
की क्षणभर थांबते,
नाव शोधते.
सर मला काहीच बोलले नाहीत.
त्यांच्या हातात माझंच बिल होतं, त्यावर त्यांचीच सही.

तेव्हापासून रविवारी मशीन घेऊन निघतो.
कुणी चहा पाजतो, कुणी दारातूनच म्हणतो,
आमच्याकडे काही झालं नाही अजून.
एकानं विचारलं, फुकट करतोस म्हणजे
भानगड काय आहे?
एकोणीस घरं झाली.

तर बाई, भिंत नको. स्लॅब फोडू.
त्यांनी वर पाहिलं, जसं काही आभाळच फोडायचंय.
गळेल ना?
गळणार नाही. कॉलर बसवतो, डांबर लावतो, वर टोपी.
आणि गळलंच तर पाणी दिसतं, बाई,
पाण्याची मला भीती नाही.

कोअर कटरला मध्ये सळई लागली,
दोन बोटं सरकवून पुन्हा धरलं.
दुपारपर्यंत बाथरूमभर पांढरा चिखल,
आणि छताला एक गोल उजेड,
बादलीत पडलेला.
बाई बराच वेळ त्या बादलीकडे बघत होत्या.

पाइप चढवला. मी गच्चीवर,
शेजारी कुणीतरी पऱ्हाटीवर भरताची वांगी भाजत होतं,
त्या वासानं माझं नाक भरलेलं,
म्हणून खाली ओरडलो,
उदबत्ती लावा, पाइपाखाली धरा, हलवू नका.

टोपीपाशी गाल नेऊन बसलो.
काही येईना.
बापाच्या साण्यातून कसं भसाभसा यायचं.
वारं पडलं होतं, की माझंच कुठं चुकलं होतं,
जोड तपासावा का, उतरावं का,
तेवढ्यात त्या नळीतून, अगदी कानाशी,
धुराच्या आधी
नेहेतेबाईंचा आवाज वर आला.

आला का हो?